एमजी, अँबॅसिडरचं इंजिन आणि एफडीचा हिशोब

ऑगस्ट २०१८मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेला १९६२ सालची एक फेरारी २५० जीटीओ लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. नवी असताना अमेरिकेत तिची किंमत होती साधारण १८,००० डॉलर. मग २०२२च्या मे महिन्यात मर्सिडीजने आपल्याच श्टुटगार्टच्या म्युझियममधून १९५५ची ३०० एसएलआर कूपे काढून विकली, १३ कोटी ५० लाख युरोला! अशा गाड्या बनल्याच फक्त दोन.

आता ह्या बातम्यांचा आणि आमच्या नगरचा काय संबंध? (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीच्या रांगेत अजून "नगर, नगर" हीच हाक ऐकू येते.) संबंध असा, की माझ्या मामेभावाने ह्या दोन्ही बातम्या वाचल्या आहेत. नुसत्या वाचल्या नाहीत, पाठ केल्यात. तो हिंजवडीत नोकरीला, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि वाकडला फ्लॅट घ्यायचा म्हणून नवरा-बायको दोघांनी मिळून बारा लाख साठवलेले. आणि नगरात एका जुन्या वाड्यातल्या गोठ्यात, म्हणजे पूर्वी गोठा होता तिथे, ताडपत्रीखाली एक एमजीए उभी आहे. दोन सीटची, टपाशिवायची, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मालक म्हणतात नऊ लाख.

नगरात एमजी कुठून आली, असं पुण्याची मंडळी विचारतात. अहो, लष्कराचं गाव आहे ते! आर्मर्ड कोअरचं केंद्र इथे, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्यांच्या गाड्या गावातल्या हौशी लोकांनी घेतल्या, तशीच हीसुद्धा हातोहात फिरत वाड्यात आली, असं मालक सांगतात.

"दादा, तुझं एक्सेल काढ," भावाचा फोन. "गुंतवणूक म्हणून बघ फक्त. बाकी प्रेम वगैरे माझ्यावर सोड."

बरं, काढलं एक्सेल.

आधी फेरारीच घेऊ. १८,०००चे ४ कोटी ८४ लाख व्हायला ५६ वर्षं लागली. चक्रवाढीने वर्षाला जेमतेम १५ टक्के. आपला सेन्सेक्स १९७९ला १०० धरला होता, त्याच ऑगस्ट २०१८ला तो ३८,०००च्या वर होता. म्हणजे वर्षाला साधारण १६ टक्के, तोही लाभांश न धरता. आता इथे एक गोम आहे, ती लपवत नाही. फेरारीचा हिशोब डॉलरचा आहे आणि सेन्सेक्सचा रुपयाचा. रुपया ह्या काळात पावणेपाचवरून सत्तरला गेला, तो धरला तर फेरारी २० टक्क्यांच्या पुढे जाते. मग जिंकली की फेरारी! जिंकली, पण कोण जिंकलं ते बघा. जगात अशा मोजून ३६ गाड्या झाल्या, त्यातली ही एक. तुलना सरासरीशी नाही, लॉटरीत लागलेल्या तिकिटाशी चाललीय. आणि ५६ वर्षांचा सांभाळ, विमा, दुरुस्ती ह्यातलं काहीच मी त्यात धरलेलं नाही.

शिवाय ही रेघ सरळ वर गेलेली नाही. ऑगस्ट १९८८मध्ये एन्झो फेरारी गेले आणि त्यांच्या गाड्यांना सोन्याचा भाव आला. जपानी पैसा आला, कर्ज काढून गाड्या घेणारे आले, फोटो बघून फोनवर बोली लावणारे आले. १९९०पासून सगळा फुगा बसला, आणि कित्येक मॉडेलं निम्म्याच्याही खाली गेली. ज्याने १९८९ला कर्जावर घेतली त्याला "लाँग टर्म" म्हणजे काय ते नीट कळलं असणार.

एमजीए मात्र ३६ नाहीत. १९५५ ते १९६२ ह्या सात वर्षांत त्या एक लाखाच्या वर बनल्या, बहुतेक सगळ्या निर्यात झाल्या. सुंदर आहे, प्रश्नच नाही. पुढचा तो उतरता नाकाडा बघितला की माझ्यासारख्या स्विफ्टवाल्याचंही काळीज हलतं. पण दुर्मिळ? भारतात असेल. आणि इथली जुनी गाडी तिकडच्या लिलावात नेऊन विकू म्हणाल तर विमानाने नेण्याइतकं ते सोपं नाही. १९५०च्या आधीच्या गाड्यांवर तर निर्यातीचं बंधनच आहे, आणि नंतरचीचाही वाहतूक आणि कागदपत्रांचा खर्च गाडीच्या जिवावर उठतो. म्हणजे गिऱ्हाईक इथलंच शोधायचं. मुंबईच्या अस्तागुरूने २०२०मध्ये जुन्या गाड्यांचे ऑनलाइन लिलाव सुरू केले, तेव्हा बाजार आहे, नाही असं नाही. पण त्या कॅटलॉगमध्ये जागा मिळते ती संस्थानिकांच्या रोल्सला आणि ज्यांचा जन्मापासूनचा कागद न् कागद आहे अशांना.

इथेच खरी गोष्ट येते. मी आणि भाऊ गाडी बघायला गेलो. बॉनेट उघडलं. मालक अभिमानाने म्हणाले, "इंजिन एकदम कडक आहे, ऐंशी साली अँबॅसिडरचं बसवलंय."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीच्या एमजीएचं इंजिन १४८९ सीसी, बीएमसी कंपनीच्या 'बी' मालिकेतलं. आपल्या अँबॅसिडरचंही १४८९ सीसी, त्याच मालिकेतलं! एक इंग्लंडमध्ये दोन कार्ब्युरेटर लावून मुलींना फिरवायला निघालं, दुसरं उत्तरपाड्यात सरकारी साहेबांच्या नशिबी आलं. दोघे सख्खे चुलत. म्हणून आपल्याकडे एमजीचं इंजिन गेलं की मेकॅनिक बिनधास्त अँबॅसिडरचं बसवायचा. त्यात त्याची चूक काही नाही. आयात बंद होती, गाडी चालली पाहिजे होती, त्याने चालवून दिली. उलट मी तर म्हणेन, त्या माणसामुळेच ती गाडी भंगारात गेली नाही.

पण लिलावाच्या जगात सगळा खेळ आकड्यांचा. चासीवरचा नंबर, इंजिनवरचा नंबर आणि कारखान्याच्या वहीतला नंबर जुळला पाहिजे. नाही जुळला की तीच गाडी, तोच रंग, पण भाव धाडकन खाली. मूळ इंजिन कुठे गेलं विचारलं तर मालक म्हणाले, "विहिरीवर पंपाला लावलं होतं काही दिवस. मग काय झालं देव जाणे."

त्यात आपला कायदा. जुलै २०२१मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, पुढच्या वेळी ५,०००. ऐकायला छान. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. आणि एकदा विंटेज म्हणून नोंदली की रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. म्हणजे गुंतवणूक म्हणून जपायची तर चालवायची नाही, आणि चालवायची तर ती गुंतवणूक राहत नाही.

भावाचं एक म्हणणं मात्र मला मान्य करावं लागलं. आयकर कायद्यात स्वतःच्या वापराची गाडी ही 'पर्सनल इफेक्ट' धरतात, चित्रं-दागिने-कलाकृतींसारखी नाही. त्यामुळे फायद्यात विकली तरी कॅपिटल गेन्सचा कर लागत नाही. मात्र आपण ती गुंतवणूक म्हणूनच घेतली असं चारचौघांत सांगत फिरलात, तर साहेबांपुढे 'वापराची' म्हणून सिद्ध करताना घाम फुटेल.

तर बेरीज अशी. नऊ लाख किंमत, पत्रा-वायरिंग-टपासाठी कमीत कमी तीन लाख. वर्षाला विमा, शेड, बॅटरी, किरकोळ दुरुस्ती मिळून साठ हजार. हे सगळं ७ टक्क्यांच्या एफडीत टाकलं असतं तर (कर सोडून) १० वर्षांनी झाले असते जवळपास ३२ लाख. म्हणजे न जुळणाऱ्या नंबरांची एमजीए २०३५-३६ला कुणीतरी ३२ लाखांना घेतली, तर कुठे आपण बँकेच्या बरोबरीला. त्यापुढे फायदा. ते बारा लाख मुळात फ्लॅटचे आहेत, हे तर मी शीटमध्ये टाकलंच नव्हतं. ते वहिनीने टाकलं, लाल रंगात, वेगळ्या टॅबमध्ये.

परत येताना भावाला म्हटलं चल, आलोच आहोत तर टँक म्युझियम बघू. १९९४ला सुरू झालेलं आहे, आणि शेरमन, सेंच्युरियन, विजयंता, पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन, सगळे उन्हात ओळीने उभे. त्यात एक रोल्स-रॉइस आहे, सिल्व्हर घोस्टवर बांधलेली चिलखती गाडी. सगळ्यात जुना नमुना. पहिल्या महायुद्धात जगातल्या सगळ्यात नाजूक, सगळ्यात शांत गाडीवर लोखंड चढवून मशीनगन बसवली. मी तिथे उभा राहून विचार करत होतो की ही लिलावात आली तर काय होईल. भाऊ दुसराच विचार करत होता. "दादा," म्हणाला, "हिचं इंजिन मूळ असेल का रे?"

पुढच्या आठवड्यात त्याने मालकांना फोन केला. फ्लॅटचे पैसे बाजूला ठेवून, बोनसमधले साडेतीन लाख देऊ केले आणि स्वच्छ सांगितलं की विकायला घेत नाहीये, रविवारी चालवायला घेतोय. मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दोन मुंबईचे आले होते, त्यांनी पाच सांगितले पण गाडी ट्रेलरवर नेणार होते. विचार करून दिवाळीनंतर कळवतो.

भाऊ सध्या नाना पेठेत अँबॅसिडरच्या पाण्याच्या पंपाचे भाव विचारत फिरतोय. साडेआठशेला मिळतो म्हणे.