म्यूनिच नगरींतील एक कारभारी

जर्मनीच्या दक्षिण भागांतील बव्हेरिया प्रांताची राजधानी म्हणजे म्यूनिच नगरी होय. आल्प्स पर्वतांतून आलेली ईसार नदी हिच्या मधून वाहते. संस्कृतज्ञांस हें नांव अगदींच परकें नाहीं. पुण्यास संस्कृताचें अध्यापन करून आणि ऐतरेय ब्राह्मण छापून १८६६ सालीं स्वदेशीं परतलेले पंडित मार्टिन हौग १८६८ पासून ह्याच नगरीच्या विद्यापीठांत अध्यापक होते. आमचा पुतण्या तेथें नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब गेलों, तें हौगसाहेबांचें विद्यापीठ पाहण्याच्या ओढीनें. पण चार दिवसांतच ध्यानांत आलें कीं, येथें पाववाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय निराळाच आहे. तो म्हणजे १९०० सालीं स्थापन झालेला ‘बायर्न म्यूनिच’ हा फुटबॉलचा क्लब.

शाळामास्तरास चेंडूच्या खेळाचें एवढें कौतुक कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ह्या क्लबाच्या इतिहासांत एका पुरुषाचें चरित्र आमच्या दृष्टीस पडलें, आणि एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्यांनीं त्याचा विचार करावा असें वाटल्यावरून तें येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचें नांव कार्ल-हाइन्झ रुमेनिगे. जन्म १९५५ सालीं, लिपस्टाट नांवाच्या लहानशा गांवीं. बँकेंत कारकुनीची उमेदवारी केलेला हा तरुण १९७४ सालीं, अठरा वर्षांच्या वयांत, म्यूनिचला आला. त्याबद्दल त्याच्या गांवच्या क्लबास मिळाले सुमारें साडेसतरा हजार मार्क.

त्या काळीं क्लबाचे सामने ऑलिंपिक क्रीडांगणावर होत. १९७२ च्या ऑलिंपिक खेळांसाठीं बांधलेलें हें क्रीडांगण आम्हीं पाहिलें. जणूं कोणा राजाची छावणीच पडली आहे. पारदर्शक छपरें तंबूसारखीं ताणून पोलादी दोरांनीं उंच खांबांस टांगलेलीं आहेत. शेजारची हिरवी टेकडी दुसऱ्या महायुद्धांत जमीनदोस्त झालेल्या घरांच्या दगडविटांची आहे, असें पुतण्यानें सांगितलें तेव्हां आम्ही क्षणभर स्तब्ध झालों.

येथेंच रुमेनिगे आघाडीस खेळत. चेंडू पायाशीं खेळवीत प्रतिपक्षाच्या रक्षकांस एकामागून एक चुकवावें आणि थेट गोलावर चालून जावें, ही त्यांची रीत. क्लबासाठीं साखळी सामन्यांत त्यांनीं १६२ गोल केले. १९८० व १९८१ अशीं लागोपाठ दोन वर्षें युरोपांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूस मिळणारा सुवर्णचेंडू त्यांस मिळाला. १९८२ आणि १९८६ च्या विश्वचषकांत ते पश्चिम जर्मनीचे नायक होते. दोन्ही वेळां अंतिम सामन्यांत मात्र हार खावी लागली.

आतां चरित्रांतील मर्माचा भाग. १९८४ सालीं क्लब कर्जांत होता. कारभार उली हेनेस पाहत. तेही पूर्वीचे आघाडीचे खेळाडू. गुडघ्याच्या दुखापतीमुळें खेळ सोडून १९७९ सालीं, सत्ताविसाव्या वर्षीं, कारभारी झालेले. त्यांच्या कारकीर्दींत रुमेनिगे इटालींतील इंटर मिलान क्लबास एक कोटीहून अधिक मार्कांस दिले गेले, आणि त्या रकमेनें कर्ज फिटलें. घरची दुभती गाय विकून सावकाराचें देणें वारावें, तसाच हा प्रकार!

पुढें १९९१ सालीं क्लबाची घडी पुन्हां विसकटली, तेव्हां त्यांसच बोलावून उपाध्यक्ष नेमण्यांत आलें. ज्यांस विकलें त्यांच्याच हातीं घराच्या किल्ल्या आल्या! २००२ सालीं क्लबाच्या फुटबॉल-विभागाची कंपनी झाली व ते तिच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले. आज ह्या कंपनीचे तीन चतुर्थांश भाग सभासदांच्या मूळ संस्थेकडेच आहेत. बाकीचे तीन जर्मन कारखानदार व विमा कंपन्यांत वांटलेले आहेत. त्यामुळें कोणी कुबेर येऊन क्लब खरेदी करील ही धास्ती तेथें नाहीं.

ह्या कारकीर्दीचें दृश्य फळ पाहावयाचें तर भुयारी रेल्वेनें नगराच्या उत्तर टोंकास, फ्रेटमानिंगला जावें. तेथें २००५ सालीं उघडलेलें, सुमारें ७५,००० प्रेक्षकांचें नवें क्रीडांगण आहे. बाहेरचें सर्व आवरण हवा भरलेल्या पातळ गाद्यांचें असून रात्रीं तें तांबड्या प्रकाशानें उजळतें. समोर नगराच्या केरकचऱ्याची मोठी टेकडी. तिच्यापायीं एक जुनें खेडें नाहींसें झालें. लहानसें चर्च तेवढें उरलें आहे. क्रीडांगणास ३४ कोटी युरो खर्च आला. प्रथम ह्यांत नगरांतील दुसऱ्या क्लबाचा निम्मा वांटा होता. पण पैशाच्या ओढग्रस्तीमुळें २००६ सालीं तो त्यास बायर्नला विकावा लागला. उलट बायर्ननें आपलें कर्ज मुदतीच्या कित्येक वर्षें आधीं, २०१४ सालींच, फेडून टाकलें.

चित्र निष्कलंक मात्र नाहीं. कतारहून आणलेलीं दोन घड्याळें जकातीस न दाखविल्याबद्दल २०१३ सालीं रुमेनिगे ह्यांस मोठा दंड झाला. आणि २०१४ सालीं करचुकवेगिरीबद्दल हेनेस ह्यांस साडेतीन वर्षांची कैद. क्लबाच्या चोपड्या पैपर्यंत चोख ठेवणाऱ्यांनीं घरच्या हिशेबांत असें वागावें, ह्याचा विषाद वाटतो.

२०२१ सालीं मुदत संपण्यापूर्वींच रुमेनिगे ह्यांनीं अधिकार ऑलिव्हर कान ह्यांच्या स्वाधीन केला. कान हे जगप्रसिद्ध गोलरक्षक, ह्याच क्लबांत खेळलेले. पण दीड वर्षाच्या उमेदवारीनंतर मिळालेली ती जागा दोन वर्षेंही टिकली नाहीं. २०२३ च्या मे महिन्यांत त्यांस दूर करण्यांत आलें, आणि रुमेनिगे देखरेख-मंडळावर परत आले. रुमेनिगे स्वतः दहा वर्षांहून अधिक काळ उपाध्यक्ष राहून मग मुख्य झाले होते, हें येथें विसरतां कामा नये.

मैदानावरचा पराक्रम निराळा आणि वहीखात्यांतला निराळा. पहिला वयाबरोबर ओसरतो. दुसरा वर्षानुवर्षें वडिलांच्या शेजारीं बसूनच अंगीं येतो. आमच्या घरोघरीं वडील मंडळी अखेरपर्यंत किल्ल्या कमरेस ठेवतात आणि मग एके दिवशीं अवचित त्या मुलांपुढें टाकतात. त्याऐवजीं मुलांस आजपासूनच हिशेबाला शेजारीं बसवून घेतलें तर काय बिघडेल?