पद्मिनीची पन्नाशी

ज्या गाडीचे उत्पादन थांबून पाव शतक होत आले, जिचे सुटे भाग आता दुकानांपेक्षा भंगारबाजारात लवकर गवसतात, आणि जिची टॅक्सी म्हणून असलेली सनदही वयोमर्यादेच्या नियमाने संपुष्टात आली, तिची पन्नाशी साजरी करण्याकरिता अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील दहाबारा संसारी गृहस्थांनी रविवारची झोप मोडून, इस्त्रीचे सदरे घालून, भल्या सकाळी घराबाहेर पडावे, ही गोष्ट ज्यांना हास्यास्पद वाटेल त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. महसूल खात्यात दुसऱ्यांच्या दस्तऐवजांवर शेरे मारण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने स्वतःच्या छंदावर इतरांनी मारलेला शेरा मुकाट्याने सोसावा, हेच न्यायाला धरून आहे.

प्रसंग होता प्रीमियर पद्मिनीच्या सुवर्णमहोत्सवाचा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आपल्या फियाटला हे नाव १९७४ साली दिले. त्या हिशेबाने २०२४ हे पन्नासावे वर्ष ठरत होते. परंतु तयारीच्या पहिल्याच बैठकीत बोरिवलीच्या एका निवृत्त मास्तरांनी हरकत नोंदवली, की गाडीचा साचा तर १९६४ चा, 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने तो प्रथम रस्त्यावर आला, मध्यंतरी १९७२ पासून त्याने 'प्रीमियर प्रेसिडेंट' हे नावही मिरवले, आणि नाव बदलल्याने काही इसम बदलत नाही. सबब हा सुवर्णमहोत्सव नसून हीरकमहोत्सव आहे. दोन्ही पक्ष इरेला पेटले. अखेर मुलुंडच्या डॉक्टरांनी निवाडा दिला. "अहो मास्तर, जन्म चौसष्टचा आणि बारसं चौऱ्याहत्तरचं. पेढे दोन्हींचे वाटा की!" असे ते म्हणाले आणि डिसेंबरातला एक रविवार मुक्रर होऊन सभा बरखास्त झाली.

या गाडीविषयी उपनगरवासीयाला वाटणारा जिव्हाळा केवळ मालकीचा नव्हे, शेजाराचाही आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या अवजड गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली आणि पन्नाशीच्या दशकात '११००' अवतरली. तिच्या आरंभीच्या गोलमटोल रूपाला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' ही पदवी बहाल केली, आणि विशेष असे, की त्या पदवीत तुच्छतेपेक्षा लाडच अधिक होता. तूरिनमध्ये '११००' चे उत्पादन १९६९ साली थांबले. कुर्ल्यात मात्र तिचेच भावंड विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिले. त्या दीर्घायुष्याचे श्रेय जितके गाडीच्या काटकपणाला, तितकेच परवानापद्धतीला द्यावे लागेल. मोटारींचे वाटप आणि विक्री १९५९ च्या नियंत्रण-आदेशाने बांधलेली होती, आणि गिऱ्हाइकाने निवडावे असे बाजारात फारसे नव्हतेच. माझ्या वडिलांनी गाडीसाठी नाव नोंदवले तेव्हा मी शाळेत होतो; गाडी दारात आली तेव्हा मला नोकरी लागलेली होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हा सारा प्रतीक्षेचा जमाना पाहता पाहता विरला.

मुंबई शहरात पद्मिनी म्हणजे काळीपिवळी टॅक्सी, हे समीकरण इतके पक्के, की चित्रपटातल्या मुंबईला तिच्यावाचून मुंबईपण येत नसे. उपनगरात गोष्ट थोडी निराळी होती. वांद्रे आणि शीवच्या पलीकडे रिक्षाला मज्जाव, अलीकडे मात्र भाड्याचे वाहन म्हणजे मुख्यतः रिक्षाच; त्यामुळे मुलुंड-घाटकोपरच्या गल्ल्यांतून जी पद्मिनी दिसे ती बहुधा दवाखान्याबाहेर, वकिलाच्या फाटकाशी किंवा एखाद्या कंत्राटदाराच्या वखारीपाशी उभी असे. शेजारच्या आजोबांना रात्री-अपरात्री इस्पितळात नेणे, बारावीच्या मुलांना परीक्षाकेंद्रावर पोहोचवणे, नववधूला सासरी धाडणे, ही साऱ्या चाळीची कामे त्या एका गाडीच्या शिरावर असत. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, तेव्हा वृत्तपत्रांनी शहराच्या वतीने शोक केला. उपनगरातल्या खासगी पद्मिनी मात्र पुनर्नोंदणीचे सोपस्कार उरकीत, पर्यावरण कर भरीत, अजून तग धरून आहेत.

त्या रविवारी मी मुलुंडहून निघालो. थंडीच्या सकाळी या गाडीशी थोडा अदबीनेच व्यवहार करावा लागतो. चोकची कळ पूर्ण ओढावी, अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याचा मोह आवरावा, सेल्फ मारावा, इंजिन खाकरून जागे झाले की कळ थोडी थोडी आत सोडीत त्याचा सूर एका लयीत येईपर्यंत थांबावे. एवढे झाले की मग स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा पहिल्यात टाकायचा. लालबहादूर शास्त्री मार्गावर, ज्याला जुनी माणसे अद्याप आग्रा रोडच म्हणतात, मेट्रोच्या खांबांनी रस्त्याचा मध्यभाग व्यापलेला. त्या खांबांच्या छायेतून भांडुप मागे टाकीत गांधीनगरच्या नाक्यावर आलो, तो पवईच्या उतारावरून बोरिवलीकरांच्या गाड्या पुढे-मागे येताना दिसल्या. अंधेरीकर साकीनाका-असल्फ्याच्या बाजूने थेट घाटकोपरला पोहोचले होते. ऊन चढले की इंजिनाच्या पेट्रोलपंपावर ओले फडके टाकण्याची या गाडीवाल्यांची जुनी रीत. त्यामुळे बहुतेकांच्या पायाशी पाण्याची बाटली आणि धुवट पंचाचा तुकडा ठेवलेला होता.

घाटकोपर पश्चिमेच्या एका सोसायटीच्या आवारात गाड्या ओळीने लागल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पूर्वपरवानगी दिली होती, अर्थात कुणाच्या पार्किंगवर अतिक्रमण न करण्याच्या अटीवर. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि मग भाषणांचा क्रम सुरू झाला. प्रत्येकाने आपापल्या गाडीचे चरित्र सांगितले; कुणी लोणावळ्याच्या घाटातले साहस वर्णिले, कुणी दिवंगत वडिलांच्या आठवणीने क्षणभर थांबले, आणि प्रत्येक भाषणात "आता अशा गाड्या होत नाहीत" हे वाक्य निरपवाद येत गेले. ऐकता ऐकता माझ्या मनात आले, की हे सारे खरे असूनही कोठेतरी अपुरे आहे. आम्ही सर्वजण गाडी घेतलेल्यांच्या बाजूने बोलत होतो, आणि जणू ती कुर्ल्यात आपोआप उगवत असावी, अशा थाटात बोलत होतो.

ही उणीव भरून काढणारा मनुष्य मागच्या खुर्चीवर बसलेला होता. मास्तरांच्या ओळखीचे एक काका, वयाने ऐंशीच्या घरातले, कुर्ल्याच्या कारखान्यात दारे बसवण्याच्या विभागात फिटर म्हणून हयात काढलेले, डॉ. दत्ता सामंतांच्या युनियनचे सभासद, संपाच्या दिवसांत घर कसे चालवले ते न विचारता कधी न सांगणारे. त्यांना बोलण्याचा आग्रह झाला तेव्हा ते उभे राहिले, पण बोलले नाहीत. जवळच्या एका क्रीम रंगाच्या गाडीकडे गेले, मागचे दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले, आणि दार व खांब यांच्यामधल्या फटीतून वरपासून खालपर्यंत बोटाचे पेर फिरवले. "हे दार दुसऱ्या गाडीचं आहे," ते म्हणाले. मालक चकित झाला. अपघातानंतर दार बदलल्याचे त्याने कबूल केले. "प्रत्येक दार त्याच्या त्याच्या सांगाड्याला हातानं बसवायचो आम्ही. बिजागरीला पातळ पत्री घाल, काढ, लाकडी ठोकळा लावून हलकेच दाब, परत मिटून बघ. एकाचं दुसऱ्याला तंतोतंत कसं लागेल?"

मग त्यांनी आम्हा सर्वांकडे वळून एकच प्रश्न केला. "इथं किती जणांना पॉइंट स्वतः लावता येतात?" डॉक्टरांचा हात वर गेला, मास्तरांचा अर्धवट गेला, आणि बाकीच्यांनी गाड्यांच्या चकचकाटाकडे पाहण्यात समाधान मानले. काकांनी बॉनेट उघडायला लावले, डिस्ट्रिब्युटरची टोपी क्लिपा सोडवून बाजूला केली, गाडी चौथ्यात टाकून किंचित पुढे ढकलायला सांगितली, आणि आतल्या कॅमचा उंचवटा पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या संपर्कांच्या, टाचेखाली बरोबर आला तसा हात वर करून थांबवले. फीलर गेजचे पाते त्यांनी त्या चिमुकल्या फटीत सरकवले. पाते फार सैल नको, फार घट्ट नको, ओढताना किंचित नड जाणवली पाहिजे, हे सांगून त्यांनी ते पाते प्रत्येकाच्या हाती दिले आणि ती नड स्वतःच्या बोटांनी अजमावायला लावली. "एक-तीन-चार-दोन," प्लगांच्या तारांवर बोट ठेवीत ते म्हणाले. "हा क्रम पाठ पाहिजे. पाढ्यासारखा."

१०८९ सीसीचे ते साधेसुधे चार सिलिंडरांचे इंजिन मी कित्येकदा पाहिले होते. परंतु त्या दिवशी जो विचार मनात ठसला तो असा, की या गाडीचे थोरपण तिच्या वेगात नव्हते, सुखसोयींत तर नव्हतेच. ते या गोष्टीत होते, की तिच्या अंतरंगात सामान्य माणसाच्या बोटांना आणि बुद्धीला प्रवेश होता. बिघाड झाला तर तो दिसत असे, ऐकू येत असे, आणि रस्त्याच्या कडेला एका पान्याने, एका पक्कडीने बहुधा दूरही करता येत असे. कारखान्यातील फिटर, नाक्यावरील मेकॅनिक आणि गाडीचा मालक या तिघांच्या ज्ञानात अंतर होते, परंतु दरी नव्हती. एकाची भाषा दुसऱ्याला कळत असे. आज संगणक जोडल्याशिवाय जिचे दुखणे कळत नाही, त्या गाडीचा मालक हा पुष्कळसा तिचा प्रवासीच असतो. नव्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, कमी धूर सोडतात, हे मान्य करूनही हा तोटा तोटाच राहतो.

दुपारी आम्ही कुर्ल्याला गेलो. कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत; लगतच्या प्रीमियर रोडने तेवढे नाव जपले आहे. कुणीसे काकांना विचारले, की हे पाहून वाईट वाटते का. काका म्हणाले, "जागा विकली जाते हो. आमचं काम तुमच्या गाड्यांत आहे, ते बघा." आणि रिक्षा पाहू लागले, कारण त्यांना जेवणाची वेळ टळलेली चालत नसे.

पुढच्या बैठकीत मी लेखनिकाच्या नात्याने ठराव रुजू केला तो असा: दरसालची मिरवणूक ऐच्छिक राहील, परंतु दरमहा एका रविवारी बोरिवलीच्या गॅरेजात काकांचा वर्ग भरेल, त्यात पॉइंट, टॅपेट, ब्रेक आणि दारे या क्रमाने शिक्षण होईल, आणि ज्याला स्वतःच्या गाडीचे पॉइंट लावता येणार नाहीत त्याला पुढील वर्धापनदिनी भाषण करण्याचा हक्क असणार नाही. ठराव एकमताने संमत झाला. काकांनी मानधन नाकारले, चहा मान्य केला, आणि एक अट घातली, की येताना इस्त्रीचे सदरे घालू नयेत. पहिल्या वर्गाला मास्तर नातीला घेऊन आले. ती इंजिनीअरिंगला आहे, आणि पात्याची नड तिला आम्हा सर्वांच्या आधी कळली. भाषणाचा हक्क तूर्त डॉक्टरांखेरीज तिलाच आहे.