‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठी मध्यमवर्गीय घरात ‘आमचे डॉक्टर’ हा शब्दप्रयोग मोठ्या विश्वासाने केला जातो. इंदूरसारख्या शहरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांत तर भटजी, वकील आणि डॉक्टर ही तीन माणसे ठरलेलीच असतात. आजोबांची नाडी ज्यांनी पाहिली, त्यांच्याच चिरंजीवांकडे नातू औषधाला जातो. हा विश्वास मोलाचा आहे. परंतु काही व्याधी अशा असतात की, त्यांच्यापुढे एकट्या डॉक्टरांची विद्या, ती कितीही मोठी असो, अपुरी पडते. बीजांडकोशाचा कर्करोग ही त्यांपैकीच एक. आमच्या थोरल्या भगिनीच्या, म्हणजे अक्काच्या, आजारपणात या गोष्टीची जी ओळख आम्हांस पटली, ती वाचकांपुढे ठेवावी असे वाटते.

२०१९ सालच्या उन्हाळ्यात अक्काचे पोट फुगल्यासारखे राहू लागले. दोन घास खाल्ले की पोट भरे. लघवीस वारंवार जावे लागे. वय ६२. ओवा झाला, हिंग झाला, पादेलोण झाले. या रोगाची खरी क्रूरता हीच की, तो अपचनाचे सोंग घेऊन घरात शिरतो. बीजांडकोश हा जेमतेम बदामाएवढा अवयव, ओटीपोटात खोल दडलेला. तेथे काय चालले आहे हे बाहेरून कळत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांना घेऊन, निरोगीपणीच रक्ततपासणी व सोनोग्राफी करून हा रोग आधी पकडता येईल काय, याचा शोध घेण्यात आला. त्याने मृत्यू कमी होत नाहीत, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. म्हणून बहुतेक स्त्रियांचा रोग पोटभर पसरल्यावरच ध्यानात येतो.

अक्काच्या सोनोग्राफीत गाठ दिसली, पोटात पाणी दिसले आणि रक्तातील सीए-१२५ या घटकाचा आकडा वाढलेला निघाला. गावातील एका खाजगी रुग्णालयातील शल्यविशारदांनी “परवा ऑपरेशन करून टाकू,” असे सांगितले. घरची मंडळी तयारही झाली होती. आमचे घरचे डॉक्टर मात्र म्हणाले, “दोन दिवसांची घाई करू नका. पोटात पाणी आहे. हे एकट्या माणसाचे काम नव्हे.” त्यांच्या या एका वाक्याचे ऋण आम्ही विसरू शकत नाही. त्याच आठवड्यात अवंतिका एक्स्प्रेसने आम्ही अक्काला घेऊन मुंबईस गेलो आणि १९४१ साली परळ येथे सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिलो.

तेथे एकेका प्रकारच्या कर्करोगासाठी निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांचा गट असतो. अक्काचे कागद अशा गटापुढे ठेवले गेले. त्या बैठकीत अर्थातच आम्ही नव्हतो. परंतु तेथील एका डॉक्टरीणबाईंनी सवड काढून सारे समजावून सांगितले. क्ष-किरणतज्ज्ञ सीटी स्कॅनवरून सांगतात की, रोग कोठकोठे पोहोचला आहे: आतड्यांवर पदरासारख्या लोंबणाऱ्या चरबीच्या झालरीवर, यकृताच्या कडेला, श्वासपटलाखाली. विकृतिशास्त्रज्ञ पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगतात की, हा खरोखर कर्करोग आहे काय आणि कोणत्या जातीचा. हे काम किरकोळ नव्हे. आपल्या देशात पोटाचा क्षयही पुष्कळ आढळतो. त्यातही पोटात पाणी होते आणि सीए-१२५ वाढते. क्षयाला कर्करोग समजून पोट फाडले गेल्याची उदाहरणे आहेत. शल्यविशारद सांगतात की, डोळ्यांना दिसणारा सारा रोग काढून टाकणे शक्य आहे काय. कारण मागे किती रोग उरला, यावर रुग्णाचे पुढचे आयुष्य फार अवलंबून असते. आतड्याचा तुकडा काढावा लागेल असे वाटल्यास त्या कामाचे जाणकार सोबत लागतात. भूलतज्ज्ञ पाहतात की, हे शरीर सहा-सात तासांची शस्त्रक्रिया सोसेल काय. औषधोपचार करणारे तज्ज्ञ विचारतात की, आधी औषध देऊन रोग आटोक्यात आणावा काय.

अक्काच्या बाबतीत हाच शेवटचा प्रश्न निर्णायक ठरला. पोटातील पाण्याने ती खंगली होती, रक्तातील प्रथिने घटली होती. तेव्हा आधी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या औषधांचे, दर तीन आठवड्यांनी एक, असे तीन डोस, मग शस्त्रक्रिया, पुन्हा तीन डोस, असे ठरले. इंदूरला परवा होऊ घातलेली शस्त्रक्रिया मुंबईस तीन महिन्यांनी झाली, आणि दिसणारा सारा रोग निघाला.

एक गोष्ट मात्र येथे सांगितलीच पाहिजे. इतके डॉक्टर पाहून अक्का बावरली होती. रोज नवा चेहरा. एके दिवशी तिने त्या डॉक्टरीणबाईंना विचारले, “बाई, इतक्या जणांत माझे डॉक्टर कोण?” त्या तिच्या खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, “विचार आम्ही सगळे करतो. पण तुमच्याशी बोलणार मी. आणि काय करायचे ते आपण ठरवू.”

आम्ही अनेक वर्षे मराठीचे व्याकरण शिकवीत आलो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद फळ्यावर किती वेळा लिहिला असेल! ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द आहे. हा भेद इतका जिवाचा असू शकतो, हे त्या दिवशी उमगले. तज्ज्ञांनी एकत्र बसणे ही अर्धी गोष्ट झाली. त्या बसण्यात रुग्णाला जागा मिळणे ही उरलेली अर्धी.

पुढे अक्काच्या रक्तात बीआरसीए या जनुकाचा दोष आढळला. हा दोष असलेल्या रुग्णांना उपयोगी पडणाऱ्या गोळ्या आता निघाल्या आहेत, त्या तिला मिळाल्या. पण हा दोष वारशाने येतो. अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो, आणि पित्याकडूनही तो कन्येकडे जातो. म्हणून जनुकतज्ज्ञांनी आमच्या भाचीलाच नव्हे, तर आम्हांसही तपासणीस बोलावले. आम्हांलाही कन्या आहे. अहवाल हाती येईपर्यंतचे दिवस कसे गेले, ते शब्दांत सांगणे कठीण. दोघांचेही अहवाल निर्दोष आले.

अडीच वर्षे अक्का उत्तम होती. भाचीचे लग्न तिने उभे राहून केले. २०२२ साली रोग उलटला. पुन्हा बैठक, पुन्हा औषधे. २०२३ मध्ये आणखी एक औषध देता येईल, परंतु लाभ थोडा आणि त्रास अधिक, असे त्या बाईंनी स्पष्ट सांगितले. अक्का म्हणाली, “आता पुरे. मला घरी जायचेय.” कोणीही तिला आग्रह केला नाही. वेदनाशमनाचे तज्ज्ञही त्या गटातलेच. त्यांच्या सल्ल्याने आमच्या घरच्या डॉक्टरांनी अखेरपर्यंत तिचे दुखणे सुसह्य ठेवले. तिने आपल्या माजघरातच शांतपणे डोळे मिटले.

वाचक भगिनींना एवढेच सांगणे की, चाळिशी-पन्नाशीनंतर पोट फुगणे, लवकर पोट भरणे, ओटीपोट दुखणे ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली, तर ओव्यावर थांबू नका. आणि दुर्दैवाने हे निदान झालेच, तर शस्त्रक्रियेपूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा: “माझे कागद किती जणांनी मिळून पाहिले?” मुंबई दूर वाटत असेल, तरी २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात देशभरातील रुग्णालये आहेत, तेथील तज्ज्ञ दूरदृश्य बैठकींतूनही परस्परांशी विचारविनिमय करतात. घरचे डॉक्टर सोडू नका. त्यांना त्या मंडळींशी जोडून द्या.