सुपीरियरच्या काठी, हिवाळ्याच्या तोंडावर

गेल्या ऑक्टोबरात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, डुलुथ या बंदराच्या गावी धाकट्या भावाकडे राहण्याचा योग आला. समोर सुपीरियर सरोवर. सुमारे ८२,००० चौरस किलोमीटरांचा तो विस्तार पाहून समुद्राचाच भास होतो. काठावरील भूर्जवृक्ष पिवळे पडून गळू लागले होते.

भावाला मात्र सृष्टिशोभा पाहण्यास सवड नव्हती. अंगणातील त्याच्या फिरत्या घराची, म्हणजे आरव्हीची, हिवाळ्याची तयारी व्हावयाची होती. या वाहनात शौचाची टाकी असते, आणि तिच्या तोंडाशी मैला दळून बारीक नळीवाटे बाहेर ढकलणारा, बारा व्होल्टांवर चालणारा पंप. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. आदल्या वर्षी पंपात उरलेल्या पाण्याने त्याचे कवच तडकले, आणि ते कळले वसंतातील पहिल्याच मुक्कामी, नात शेजारी उभी असताना! तो प्रसंग येथे वर्णिण्याजोगा नाही.

म्हणून यंदा तो जातीने कामाला लागला. टाकी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करून, पुनःपुन्हा धुऊन आणली होती. आता त्याने शौचपात्रातून प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी, न गोठणारे द्रव्य ओतले. मोटारीच्या इंजिनात घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी. ते येथे चालत नाही.

इंदूरच्या आमच्या वाड्यात मैला नेणारी बाई मागल्या दाराने येई. तिचे नाव आम्ही कधी विचारले नाही. तिच्या डोईवरच्या टोपलीकडे पाहू नये, एवढेच आम्हांस शिकविले होते. ती प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा झाला. त्याच वाड्यात वाढलेला माझा भाऊ आता हातमोजे घालून गाडीखाली उताणा पडला होता, आणि मला ते पाहवत नव्हते. का, हे मला सांगता येईना.

"दादा, बटण दाब. आणि मी सांगताच सोड. पंप कोरडा फिरला तर आतले रबरी चाक होरपळेल."

मी दाबले. घरघर झाली. नळीतून आधी गढूळ पाणी, मग फिकट, मग लख्ख गुलाबी धार बादलीत पडली.

"सोड!"

उरलेले द्रव्य पंपातच ठेवून त्याने नळीस टोपण बसविले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात गेलो. हात धुण्याच्या बादलीवर बर्फाची पातळ साय धरली होती. शेजारची गुलाबी बादली तशीच हलत होती.