धुळ्याला का जायचो, ते आज सांगतो

मित्रांनो, गेलं वर्षभर मी अधूनमधून जळगावहून धुळ्याला जात होतो. कोणी विचारलं की "बातमीचं काम" म्हणायचो. खोटं होतं ते. जळगावात दवाखान्याच्या बाकावर बसलो की पाच मिनिटांत कोणीतरी "काय भो, इकडं कसं?" विचारतोच. म्हणून एरंडोल, पारोळा ओलांडून थेट धुळे.

वय 46, शुगर आहे, पोट सुटलेलं. दिवसभर मरगळ, दुपारी खुर्चीतच डोळा लागायचा. आणि नवरा-बायकोत जे असतं, त्याची इच्छाच उरली नव्हती. डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी आठला रक्त द्यायला लावलं. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, नंतर उतरतं. एका रिपोर्टवर निदान करत नाहीत. दोन्ही वेळा कमी निघालं. प्रोस्टेट वगैरे तपासून इंजेक्शन सुरू झालं.

पहिले काही दिवस झकास. पुढची तारीख जवळ आली की पुन्हा बसकण. त्यात छाती दुखरी झाली, शर्ट घासला तरी कळ यायची. हे डॉक्टरांना सांगायची लाज वाटली. सांगितलं कोणाला, तर जिममधल्या ओळखीच्याला. "इस्ट्रोजेन वाढलं भो, ही गोळी घे." ना चिठ्ठी, ना बिल. मी घेतली. ती स्तनाच्या कॅन्सरमध्ये बायकांना देतात, हे नंतर कळलं.

महिनाभरात गुडघे आणि बोटांचे सांधे धरले. घरात चिडचिड. थोडीफार परतलेली इच्छाही गेली. शेवटी डॉक्टरांसमोर कबूल केलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचाच काही भाग इस्ट्रोजेन होतो, चरबी जास्त तर तेही जास्त. पण ते शत्रू नाही. पुरुषाच्या हाडांना ते लागतं, इच्छेलाही लागतं. माझं तर गोळीनं पार तळाला गेलं होतं. गोळी बंद केली. एकदम मोठं इंजेक्शन देण्याऐवजी डोस लहान करून कमी दिवसांच्या अंतरानं दिला. चढउतार थांबला, छातीही हळूहळू बरी झाली. वजन कमी करायचं काम मात्र माझंच.

डोस मुद्दाम लिहीत नाही. उद्या कोणी तोच घेईल.

ही पोस्ट खरी त्या जिममधल्या पोरांसाठी. विशी-पंचविशीतली, कोणाची लग्नं ठरलेली. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्रजंतू कमी होतात, कधी शून्यावर येतात. बंद केल्यावर परत यायला महिने जातात, कधी जास्त. रक्तही घट्ट होतं. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर इंजेक्शन थांबवतात. जिमवाला हे तपासतो का?

टेस्टोस्टेरॉन शेड्यूल एचमधलं औषध आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. विना-चिठ्ठी औषधांवर मी स्वतः बातम्या केल्यात. तरी लाजेपोटी तीच चूक मी केली. या धंद्याचं भांडवल आपली लाज आहे, भाऊ.

पोस्ट टाकण्याआधी बायकोला वाचून दाखवली. "टाका," म्हणाली.

तुमच्या भागात जिममध्ये इंजेक्शनं विकली जात असतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. जमत नसेल तर मला इनबॉक्स करा, नाव बाहेर जाणार नाही. आणि मरगळ असेल तर आधी सकाळी रक्त तपासा. जळगावातच तपासा. धुळ्याला पळायची गरज नाही.