मागे वळून पाहू नये

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, चीनच्या दालनात, मातीच्या मूर्तींची एक वरातच उभी आहे. उंट, घोडे, मोतद्दार, दोन अधिकारी, दोन चिलखतधारी आणि दोन विचित्र प्राणी. बदामी, हिरवी, तांबूस झिलई ओघळलेली. मोठ्या मूर्ती चांगल्या मीटरभर उंच. लिउ तिंगशुन नावाचा तांग काळातला एक सेनापती इ.स. ७२८ मध्ये वारला, त्याच्याबरोबर हे सगळं पुरलं होतं. मी थांबलो उंटांसाठी आणि अडकलो त्या दोन प्राण्यांपाशी.

झेनमुशोउ, म्हणजे थडग्याचे राखणदार पशू. नेहमी जोडीनं. एकाचं तोंड माणसाचं, दुसऱ्याचं सिंहासारखं. पायाला खूर, डोक्यावर शिंगं, खांद्यांतून ज्वाळांसारखे पंख. शेजारचे चिलखतवाले जरा ओळखीचे वाटले. वाटणारच! लोकपाल ते, बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडूनच तिकडे गेलेले. पण हे दोघं अस्सल तिथलेच.

कुणी किती आणि केवढ्या मूर्ती न्यायच्या हे तेव्हा हुद्द्यावर ठरायचं म्हणे. आणि लोक ते नियम सर्रास मोडायचे. (लग्नातल्या पत्रावळींची आठवण झाली.)

भुताखेतांना आणि चोरांना आत येऊ द्यायचं नाही, हे ह्या पशूंचं काम उघडच आहे. दुसरं काम वाचलं आणि थबकलो. मेलेल्याचा आत्मा थडग्यातच राहावा, बाहेर येऊन घरच्यांना त्रास देऊ नये, हेही त्यांनीच बघायचं. म्हणजे पहारा दोन्हीकडून.

बाबा गेले तेव्हा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन मी चितेला तीन फेऱ्या घातल्या. दर फेरीला अश्म्यानं मडक्याला एक भोक. शेवटी ते खांद्यावरून मागे टाकलं, फुटल्याचा आवाज आला. गुरुजी म्हणाले, "आता मागे वळून बघायचं नाही." तेव्हा ते फार निर्दय वाटलं होतं. आपल्याच माणसाला असं दार लावून घ्यायचं?

त्या काचेपुढे उभं राहून वाटलं, तेराशे वर्षांपूर्वी त्या सेनापतीचा मुलगाही असाच चिडला असेल का? बापासाठी उंट दिले, घोडे दिले, आणि दाराशी हे दोघं बसवले, बाहेर येऊ नये म्हणून. आमचं मडकं फुटून गेलं, त्यांची माती मात्र अजून पहारा देतेय. आत आता कुणी नाही, तरीही.

घरी आल्यावर आईनं विचारलं होतं, "मागे नाही ना पाहिलंस?"

नाही म्हणालो. पाहिलं होतं, आई.

आता हे तू वाचशीलच, म्हणून सांगून टाकलं.