बुधवारचे पान

केळ हा वृक्ष नव्हे. आपण जिला खोड म्हणतो ती एकात एक गुंडाळलेली सोपटे. खरे खोड कंदाच्या रूपाने मातीखाली असते. एकदा घड दिला की ती केळ संपते आणि शेजारचा मुनवा वाढू लागतो. मझौलीच्या आमच्या घरामागे न्हाणीच्या पाण्यावर हा वंश तीन पिढ्या चालला आहे.

१९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. त्या काळी आजोबा मास्तरकीसाठी या वराहमूर्तीच्या गावी आले आणि मागोमाग आजी रत्नागिरीकडून. तिने केळ लावली ती फळासाठी नव्हे, पानासाठी. उन्हाळ्यातली लू इथे पानांच्या चिंध्या करते, पौषातल्या थंडीत ती करपतात. धड पान मिळते ते पावसाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत. तेवढ्या दिवसांत ती पानगी करून घेई. तांदळाचे पीठ ताकात कालवून, मीठ नि किसलेली काकडी घालून तेल लावलेल्या पानावर थापायचे, वर दुसरे पान झाकून तव्यावर ठेवायचे. पानाचा हिरवेपणा जाऊन कडा सुटल्या की उलटायचे. करपल्या पानाचा किंचित कडवट वास हाच तिचा मसाला. पानाविना केलेली पानगी म्हणजे, माझ्या मते, नुसते धिरडे.

इकडे मात्र गुरुवारी केळीला हळद, हरभऱ्याची डाळ आणि गूळ वाहून पूजतात. पहिल्याच श्रावणात आजी कोयता घेऊन परसात गेली, तो शेजारणी तांब्या घेऊन उभ्या. 'बहू, आज नहीं,' एवढेच त्या म्हणाल्या. आजीने कोयता खाली ठेवला आणि त्या दिवशी पानगी पळसाच्या पानांवर केली. पळसाला पाने तीनच, पण पानगीला ती पुरतात. तेव्हापासून पान बुधवारी संध्याकाळी कापून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची रीत पडली. घरातल्या पुरुषांना ती माघार वाटे. मला तसे कधी वाटले नाही. गुरुवारी पूजा आटोपलेल्या त्याच बायका व्रत नसलेल्या मुलाबाळांसाठी आजीकडून 'पत्ते की रोटी' मागून नेत.

गेल्या भाद्रपदात पुण्याची भाची आली होती. पानगीच्या हौसेने तिने सकाळीच केळीला हात घातला. वार गुरुवार. माझ्या तोंडून निघाले, 'आज नहीं.' आजीने जन्मभर स्वयंपाकघरात शिरू न दिलेली भाषा! भाची नुसती पाहत राहिली. मग आम्ही दोघी पळसाची पाने आणायला ओढ्याकडे निघालो.